गरम कर आधी

लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याकडून
किलोवर घेतलेला कॉम्प्युटर.
मला फक्त त्यातला पॉवर सप्लाय हवा होता,
झेरॉक्सच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मशीनसाठी.
सवयीनं एकदा चालू करून बघितला
तर घरघरला, खोकला,
आणि चक्क उठून बसला.

ट्रेमध्ये सीडी. ओरखडे इतके
की नावाचं शेवटचं अक्षर तेवढं उरलेलं.
कुठल्यातरी मिटलेल्या नेट कॅफेची इस्टेट,
वर चहाच्या कपाचा गोल.

पडद्यावर एक पोस्टमन.
चेहरा म्हणजे सहा-सात चौकोन, टोपीला तीन.
मिठाच्या बेटावर उभा, हातात
पत्ता पुसलेलं पत्र.
बाण नेईन तिकडे जातो, दाखवीन ते उचलतो:
मेणबत्तीचं बुडखं, माशाचं हाड, सुतळी,
कंदिलाची काच, आख्खी शिडी,
सगळं त्या एवढ्याशा खिशात.
आणि आपण काहीच केलं नाही
तर तोही काही करत नाही.
जांभई देतो. टाच खाजवतो.
घड्याळ बघतो, ज्याला काटे काढायला
काढणाऱ्याकडे ठिपके उरले नव्हते.

हा खेळ निघाला तेव्हा मी दहावीत होते.
राजारामपुरीत कॉम्प्युटरचे क्लास लागले होते,
चपला बाहेर काढून आत एसीत जायचं.
फी ऐकून अण्णा म्हणाले, पुढच्या वर्षी.
पुढचं वर्ष उद्यमनगरात
लेथखालच्या किसाबरोबर झाडून निघालं.

आता शटर ओढलं की दहानंतर खेळते.
अण्णा शेजारच्या स्टुलावर.
"काय करालाईस?"
"पोस्टमनला विहिरीत उतरवायचाय."
"का?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.
"आन् त्ये हाड कशाला उचाललंस?"
"लागेल कधीतरी."
अण्णा माझ्याकडे बघत राहिले, मग हसले.
आमच्या माळ्यावर पत्र्याचे तीन डबे आहेत:
वायसर, आटे गेलेले बोल्ट, बेअरिंगच्या सुट्या गोळ्या.
आई ते टाकायला निघाली की
हेच वाक्य. सूरसुद्धा हाच.

विहिरीवर लोखंडी झाकण, झाकणाला गंजलेला नट.
पाच रात्री.
हाड लावलं, सुतळी बांधली, मीठ चोळलं,
शेवटी नटाला पत्र दाखवलं.
पोस्टमन दर वेळी त्याच थंड आवाजात:
इथं ते चालायचं नाही.
एकदाही चिडला नाही. ह्या खेळात कोणी मरत नाही,
वेळ संपत नाही,
फक्त नट फिरत नाही.

सहाव्या रात्री जुनी यादी उघडली, उगाच.
विक्या १. विक्या २. विक्या ३.
तिसऱ्यावर टिचकी मारली तर
हेच झाकण, हाच नट,
खिशात ह्याच वस्तू, एक काच कमी.
तारीख मे दोन हजार एक.
सुट्टीत तासाला पंचवीस रुपये मोजून
तो इथवर आला होता.
पुढे यादीत काही नाही.

अण्णांनी चष्मा लावला. वाकले.
"नट धरलाय न्हवं त्यो.
मग सुतळीनं काय हुतंय?
गरम कर आधी."

बुडखं पेटवलं. नटाखाली धरलं.
"मेणबत्तीनं न्हाई व्हायचं," अण्णा म्हणाले, "गॅस लागतोय."
पण खेळाला चाललं.
कर्रर्र झालं, चार सुरांची एक धून वाजली,
आणि पोस्टमन पहिल्यांदाच
नुसतं "हं" म्हणाला.

चौथी ओळ रिकामी होती. तिथं लिहिलं: सदबा मिस्त्री.
विहिरीत अजून उतरले नाही.
उद्यापासून जर्नलांची गर्दी, कॉलेजची पोरं
दारात उभी राहतील.

स्टूल आत ओढता ओढता अण्णा थांबले.
"त्या पोराला सांगाय पायजे कुणीतरी."
"कुठल्या?"
"विक्याला. गरम करायचं हुतं म्हणून."
तो आता चाळिशीला टेकला असेल, म्हटलं,
पुण्यात नाहीतर कुठं.
"असूंदे की," अण्णा म्हणाले.
"अजून तिथंच हुबा हाय न्हवं."