खाडा

आमच्या कॅलेंडरवर दुधाची रोज एक रेघ असते,
आणि विलास गवळी येत नाही
त्या दिवशीच्या चौकोनात टिंब. म्हणजे खाडा.
पाळीचं टिंबही मी त्याच चौकोनात द्यायची,
निळ्या पेनाने, खाली कोपऱ्यात.
दुसरीकडे कुठे लिहिणार?
मोबाईल थोरल्याच्या हातात, वही दिराच्या हिशेबात.

म्हणून मार्चमध्ये भरतेशने पाच दिवसांचे पैसे कापले
आणि विलास दारात शपथा घेत उभा राहिला,
"एक दिवस चुकवला न्हाई वहिनी, तुम्ही तरी सांगा."
मी गॅस बारीक केला.
काय सांगणार?

हुपरीत आमच्या घरी पैंजण होतात.
मी कड्या जुळवते, डाग देते.
फुंकणी नेमकी कधी सोडायची
ते कुणी सांगत नाही, हाताला कळतं.
पण ह्या एका गोष्टीची वेळ
मी सगळ्यांना विचारत बसले.

सासूबाई म्हणाल्या, धाकट्याचं जावळ होऊ दे.
जाऊ म्हणाली, अंगावरचं तोडल्यावर बघ, नाहीतर दूध आटतं.
भरतेश म्हणाला, लग्नसराईचा माल जाऊ दे की आधी.
आईने फोनवर आवाज खाली घेतला, अगं, बसवायचीच का?

माल गेला. जावळ झालं.
दूध चालू आहे, आणि धाकट्याला वर दोन दात.

"कोल्हापूरला जाऊन येतो," म्हटलं.
(आम्ही बायकाही 'येतो'च म्हणतो. पुण्याची नणंद हसते.)
राजारामपुरीत, जिना चढून, मणेर डॉक्टर.
"पाळीची तारीख?"
मी पर्समधून एप्रिल काढला,
भिंतीवरून फाडून आणलेला, मागे लोणच्याची कृती.
त्यांनी चष्मा वर केला.
"हे काय, अर्धा लिटर?"
"ते दूध. खालचं टिंब माझं."
त्या हसल्या नाहीत. बोट ठेवून मोजलं.
पहिलं टिंब सोमवारी, आज गुरुवार.
"सात दिवसांच्या आत आलात. आज बसवली तर आजपासून लागू.
नंतर आला असता तरी बसवली असती,
दिवस गेले नाहीत एवढी खात्री करून,
वर पुढचे सात दिवस जपायला सांगून."
"आणि बाळाचं दूध?"
"पाजा की. बाळंतपणानंतर दीड महिन्यातसुद्धा बसवता आली असती."

दीड महिना.
धाकटा नऊ महिन्यांचा आहे.
मी वजाबाकी सुरू केली आणि मध्येच सोडली.

त्यांनी नमुन्याची एक हातावर ठेवली.
पांढरी, दोन हात पसरलेली, शेपटीला बारीक दोरे.
मी सांधा शोधला. सवय.
कुठेही डाग दिलेला नव्हता.

"पहिले काही महिने टिंबं कुठेही पडतील," त्या म्हणाल्या,
"मग कमी होतील. थांबलीच तर घाबरायचं नाही.
काढावीशी वाटली तर या, काढू.
तर मग, कधी करायचं?"

हा प्रश्न मी त्यांना विचारायला आणला होता.
एसटीत उभं राहून, तोंडपाठ करून आणला होता.
बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, माझं नव्हतं,
तरी छाती भरून आली.

"आत्ता," म्हटलं.

खोका म्हणाल्या, खोकले.
कळ आली ती पार कंबरेत शिरली,
आणि मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली,
तीन,
परत तीन.

एप्रिल भिंतीवरून गेल्याचं घरात रात्री कळलं.
त्यावर बोलणं झालं. बरंच झालं.
सकाळी विलास आला तेव्हा
मी त्याच्या हातावर मार्चचे पाच दिवस मोजून ठेवले.
"तुझा खाडा नव्हता."
"मग ती टिंबं कसली वहिनी?"
ओट्यामागून सासूबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.
"माझी," म्हटलं,
आणि पातेलं पुढे केलं.