स्थान : इतर

सातपूरच्या व्हॉल्व्ह कारखान्यात
तीन दिवस मी चौकोन काढतोय.
माल आला : चौकोन. मोजला : चौकोन.
पास की नापास, तिथे शंकरपाळा,
त्याच्या टोकांतून दोन बाण.

स्टोअरचे तिडके काका चष्मा वर करून बघतात.
"शंकरपाळा बरा जमलाय.
पण नापास माल असा तडक परत जात नाही."
मग?
खिडकीखालच्या फळीकडे हनुवटी.
तिथे थांबतो दोन दिवस.
अंबडच्या पगारेला फोन जातो,
तो सेकंड शिफ्टला एम-एटीवर येतो,
वाकडे बुश नेतो, सरळ ठेवून जातो.
कागदावर काही घडतच नाही.

"नेहमी असंच?"
"नेहमी नाही. पण असंच."

मी खोडतो.
बारीक गोल म्हणजे सुरुवात, जाड गोल म्हणजे शेवट;
भिडेला खूण नाही आमच्यात.
एक तुटक रेघ ओढून ठेवली.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, प्रिंटरचा डाग.

मार्चमध्ये सिस्टीम लागली.
आता नापास म्हटलं की मेल आपोआप,
दंडही आपोआप.

परवा त्र्यंबक रोडला काम होतं, डोकावलो.
काका रिटायर.
फळी जागेवर, तिला बारकोड चिकटवलेला,
स्थान : इतर.
वर सहा बुश फडक्यात गुंडाळलेले,
आणि नव्या मुलीच्या अक्षरात, पेन्सिलीने :
गुरुवारपर्यंत एंट्री करू नये.