काचपट्टी

जुम्मा तडवी, वय एकोणीस,
सावदा स्टेशनवर केळीचे घड वाहतो.
खांद्यावर काळेनिळे डाग.
घडाचेच असतील, असं त्यालाही वाटलं.
पण डाग मांडीवरही होते
आणि दातणाला रोज रक्त.

डॉक्टर फिरकेंनी लिहिलंय: ताप. डेंग्यू?
मी काचपट्टी रंगवली, धुतली, वाळवली.

मागच्या पोळ्याला एका म्हाताऱ्याची पाहिली होती.
प्लीहा बेंबीपर्यंत, पांढऱ्या पेशी दोन लाख,
पण सगळ्या वयांच्या, लग्नघरासारखी गर्दी.
तो आजार सावकाश चालणारा.
रोजची गोळी घेतो, परवाच दिसला
भरताची वांगी निवडताना.

इथे तसं नाही.
इथे नुसती तान्ही पोरं, चारदोन म्हातारे,
मधली पिढीच नाही.
प्लेटलेट शोधाव्या लागतात.
तेलात भिंग टेकवून सरकत राहिलो
आणि एका पेशीत दिसली
सुईसारखी बारीक लाल काडी.
एकच.
पुरे झाली.

मायलॉइड, तीव्र.
मॅरो तपासावा. जळगावला, आजच.

जुम्मा बाकावर बसलाय.
"पेशी कमी झाल्या का, भाऊ?"
"पांढऱ्या वाढल्यात."
"मंग बरंच ना," म्हणतो,
आणि टोचलेल्या बोटावरचा कापूस उचलून बघतो.
पुन्हा दाबून धरतो.