मेण एक, तेल तीन

मोहाच्या टोळीचं तेल पूस लागला की गोठतं,
डबीत पांढुरकं बसून राहतं, हलत नाही.
त्यात आग्या मोहोळाचं मेण: तेल तीन वाटे, मेण एक.
चैतात मेण दीड,
नाहीतर तेल पातळ होऊन दारूत उतरतं,
घोडा पडतो, चकमक ठिणगी टाकते,
कानावरची रंजक भुस्स करून जाते
आणि आत सगळं गप्प.

हे प्रमाण डोमाजी कापगत्याचं नव्हे.
त्याची फक्त बंदूक.
ठासणीची, आज्याच्या नावावरून बापाच्या,
बापाच्या नावावरून त्याच्या नावावर आलेली,
धानातली डुकरं हाकलायच्या परवान्यावर.
प्रमाण भागरतामामीचं.

पहिल्या वर्षी मामानं चरबी आणली होती
बाजाराच्या दिवशी, पळसाच्या पानात.
ती महानुभावांच्या घरची. पान उघडलंही नाही तिनं.
"हे माह्या चुलीवर चढनार नाही,"
आणि तीन दिवस वाढताना तेवढंच बोलली.
चौथ्या दिवशी वाटी पुढे सरकवली:
"हे लावून पाय गा. दिव्याले चालते, भेगाले चालते,
तुह्या नळीले काहून नाही चालनार?"

चाललं.

मी तेव्हा नववीत, मामाकडे शिकायला.
माझ्याकडे चिंध्या.
मांजरपाट, धुऊन खळ काढलेला,
जुन्या रुपयाहून जवाएवढा मोठा गोल,
दोन्ही बाजूंनी तेल चोळून.
मामा दारू मोजायचा बांबूच्या पेरात.
नळीच्या तोंडावर चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी,
अंगठ्यानं दाबायची, मग गज.
गज सरळ, एका दमात. ठोकायचा नाही.
"बसली का नाही ते हाताले समजते."

बार झाला की डुकरं पांगायची,
तलावाच्या पाळीवरचे बगळे अंधारातच उठायचे,
सडक्या अंड्याचा वास धानावर रेंगाळायचा
आणि मी बॅटरी घेऊन चिंधी शोधायला धावायचो.
दहा-पंधरा पावलांवर, बांधीच्या चिखलात.
मधोमध जळलेली असली, तर तेल कमी.
कडेला फाटलेली, तर कापड विरलेलं.
काळी, पण अख्खी, अजून चिकट,
अशी मिळाली की ती मामीला दाखवायची.
मामी पदराला हात पुसायची, चिंधी दिव्याजवळ धरायची,
उलटी करायची, वास घ्यायची, म्हणायची,
"मेण जराक जास्त झालं."

मेलेलं डुक्कर मी त्या घरी कधी पाहिलं नाही.
मामाचा नेम चुकायचा की तो चुकवायचा,
विचारलं नाही.
मंडईच्या दुसऱ्या दिवशी चिंचेला टांगलेला भोपळा
तो दरवर्षी फोडायचा, साठ पावलांवरून,
पहिल्याच बारात.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा.
परत यायची ती तांबडी होऊन.
मग आठवडाभर गरम पाणी, राख, चिंध्या, तेल,
आणि हवालदाराच्या सात पिढ्या.
शेवटच्या वेळी ती तिथंच राहिली.
आधी मामा गेला, मग परवान्याची तारीख.
आता धुऱ्यावर झटका मशीनची तार,
रात्रभर टिक टिक करते.
डुकरं तिलाही शिकली म्हणतात.

गेल्या कार्तिकात गेलो, तर मामी चुलीपुढे.
डबी तीच, तपकिरीची, झाकण चेपलेलं.
तीन वाटे, एक वाटा.
"टाचीले लावतो," म्हणाली, मी काही न विचारता.
मग नखावर थोडं घेतलं,
दोन बोटांत चोळलं, दाराच्या उजेडात धरलं.
"पातळ झालं गा,"
आणि गुडघ्यावर हात टेकून उठली,
फळीवर मेणाचा खडा शोधायला.

टाचेला एवढं कुठे लागतं?
मी काडी ओढून जाळ कमी केला.