लाभ

समाजमंदिराच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
माणसाच्या डोक्यावर वीतभर.
महापालिकेनं दोनदा चुना मारला,
ती पुन्हा वर आली.

पहाटे साडेपाचला, नळ यायच्या आधी,
सुलाबाई वायदंडे म्हणते, "भिंतीला लागा."
सांगलीच्या यार्डात हळद निवडून
खांदे आखडलेत आमचे.
तिचा आखडला तेव्हा सिव्हिलातल्या एका पोरीनं
शिकवलं होतं: बोटं चालवायची भिंतीवर,
मुंगीगत, वर.
तेवढ्याच शिक्षणावर हा वर्ग.

मोजताना ती एक म्हणत नाही.
"लाभ," म्हणते, "दोन, तीन..."
मापाड्याची लेक.

मुजावरांची जुलेखा चारलाच शिव्या देते.
आंबूबाईला नुसतं हसूनच घाम येतो.
दारात उभं राहून खिदळणारा रिक्षावाला
हल्ली मागच्या ओळीत असतो, गुडघा धरून.

भिंतीवर आमच्या बोटांचे पिवळे डाग.
कुणाचे छातीपाशी थांबलेले,
कुणाचे महिन्यात चार बोटं चढलेले.
साबणाला न जुमानणारी हळद
इथं हजेरी लावते.

काल जुलेखाचं मधलं बोट रेघेला टेकलं.
तिनं हात खाली घेतला नाही.
त्या साली एवढ्याच उंचीवर
तिचा पिठाचा डबा तरंगत होता.
सुलाबाई आकडा विसरली.

तेवढ्यात नळ खाकरला,
कळश्या वाजल्या, आम्ही सगळ्या पळालो,
जुलेखा सगळ्यांत पुढं.
मागून सुलाबाई ओरडतेय,
"अगं, डावा राहिलाय अजून!"