तेरा मिलिमीटर

राहेला समुद्र गोठतो तेव्हा
आधी बंदराच्या भिंतीपासून गोठतो,
दुधावर साय धरावी तसा, गुपचूप.
बाबा लोखंडी सळईने ठोकून पाहायचे.
एका फटक्यात भोक पडलं, तर मागे फिर.
दोन लागले, तर जाळं घेऊन ये.

मी साचे आखते.
खरं तर साच्यात आखण्यासारखं फार नसतं:
तांब्याच्या चार पाट्या, त्यांच्यामागून धावणारं पाणी,
मधे पोकळी. तिला तळच नाही.
वरून पोलाद येतं, पाऊण मिनिट आत असतं,
आणि अंगठ्याएवढी साल अंगावर घेऊन
खालून निघतं.
आत अजून सगळं पातळ.

नवी होते तेव्हा मी साचा सरळ काढला होता,
वर जेवढा, खाली तेवढाच. नेटका.
वाल्तोने कागद उलटा करून परत दिला.
"थंड होताना ते आक्रसतं, सोइली.
भिंतीपासून सुटतं. कोपऱ्यात केसभर फट पडते,
तिथेच साल कच्ची राहते."
मग पेन्सिल शोधत म्हणाला,
"ते मागे सरेल तशी भिंत पुढे यायला हवी."

दीड मीटर रुंदीला तेरा मिलिमीटर.
जास्त धरले, तर तांबं खरवडून निघतं
आणि वाल्तो ती पाटी माझ्या टेबलावर ठेवतो,
खडूने गोल करून, अवाक्षर न बोलता.
कमी धरले, तर

मार्चमध्ये, पहाटे पावणेतीनला, फुटलं.
कुणाला लागलं नाही.
सकाळी पाहिलं तर रोलरांवर
मेणबत्तीसारखं ओघळून थिजलेलं,
आणि गॅसकटर घेऊन चौघं जण, जांभया देत.
कापलेल्या कोपऱ्यात साल मोजली: चार.
आकडा मी वहीत लिहिला. खोडला नाही.

या हिवाळ्यात बाबांच्या कोटाची बटणं
मी दोनदा आत घेतली.
रविवारी ते सळई घेऊन दारात उभे.
म्हणाले, "बर्फ यंदा उशिरा धरलाय."
मी बूट चढवले, सळई त्यांच्या हातातून घेतली.
ते काही बोलले नाहीत,
फक्त माझ्या पावलावर पाऊल टाकत आले.

पहिला फटका. बर्फ वाजला, घट्ट.
दुसऱ्याला पाणी वर आलं, काळंभोर.
"जाळं," ते मागून म्हणाले,
आणि तिथेच उभे राहिले, मी आणेपर्यंत.