साडेसात

कागदावर साडेसात.
डॉक्टरीण म्हणाली, लोह कमी आहे पोरीत.
हसूच आलं मला.
जालन्यात बारा तास चिमट्यानं
लाल सळई ओढतो मी,
नाक शिंकरलं तरी काळं निघतं.

मोठ्याचं काळीज आणलं, पावशेर.
काळ्या पिशवीत, वरून मेथीची जुडी.
लोखंडी कढई, ठेचलेला लसूण, येसूर.
खालून जरा करपलंच.
लिंबू पिळलं.

तक्षशीला पुस्तकावर मान टाकून झोपलेली.
"वास येतो, पप्पा."
"येऊ दे."
दुसरी भाकर तिनंच मागितली.

असं तीन आठवडे, दर रविवार-बुधवार.

काल रात्री दीडला पाण्यासाठी उठलो,
तर लाइट चालू.
पुटपुटत होती:
लोह, अणुक्रमांक सव्वीस.

मी अंधारात उभा,
सव्वीसपर्यंत मोजत,
सळया मोजतो तसं.